कॉल बंद करायची शिस्त

नव्या राजधानीकडे जाणाऱ्या रस्त्यावर परत मोठाले फलक लागले आहेत. निळं आकाश, काचेच्या इमारती, आणि हातात लॅपटॉप धरून हसणारी एक पोरगी. आता म्हणे तिथे चिप बनणार आहेत. विचार करणाऱ्या यंत्रांची मोठमोठी गोदामं येणार आहेत. येऊ देत बापडी. यंत्रांना थंडावा लागतो, माणसं काही फारशी लागत नाहीत, हे फलकावर कोणी लिहीत नाही. त्या पोरीकडे पाहिलं की माझं डोकं सणकतं. तिला खाली उतरवून विचारावंसं वाटतं, बाई, तुला कोणी आणलं गं इथे? पण हे विचारायला मी कोण? मागच्या खेपेला ज्या पोरी तिथे गेल्या, त्यातल्या कितीतरी मीच नेल्या होत्या.

त्या आधी मी रायपूरला बूढ़ापाऱ्यात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे. खाली भांड्यांचं दुकान, वर आमचा क्लास, खिडकीतून तलावाचा एक तुकडा दिसायचा. घर तात्यापाऱ्यात, बाबांच्या सोबत. बाबा रेल्वेतून निवृत्त झालेले. आमचे आजोबा भंडाऱ्याकडून नोकरीसाठी इकडे आले आणि इकडचेच झाले. घरात आम्ही मराठी बोलतो, पण बाहेर पाऊल टाकलं की जीभ आपोआप हिंदीवर जाते. माझ्या क्लासमधल्या मराठी पोरी तर माझ्या मराठीलाही हिंदीतच उत्तर द्यायच्या.

मग एक दिवस बातमी आली की शहराबाहेर, धानाच्या शेतांपलीकडे जी नवी राजधानी बांधून ठेवली आहे, तिथे आयटीचं मोठं केंद्र होणार. बांधून ठेवली आहे असंच आम्ही म्हणायचो, कारण रस्ते होते, दिवे होते, दुभाजकावर फुलझाडं होती, पण माणूस दिसायचा नाही. तिथे बाहेरची एक कंपनी आली. फोनवर ग्राहकांच्या तक्रारी ऐकायच्या, हे तिचं काम. सगळं हिंदीतून आणि सगळं दिवसाच्या पाळीत. त्यांना शिकवणारी बाई हवी होती. मी गेले, बोलले, आणि त्यांनी मला घेतलं. गळ्यात ओळखपत्राची निळी पट्टी घालून मी तात्यापाऱ्यात उतरले, तेव्हा कोपऱ्यावरचा पानवाला उभा राहिला. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं.

आता ही कंपनी इथेच का आली? जागा स्वस्त, सरकारची सवलत, हे तर होतंच. पण त्यांच्या साहेबांनी मला वेगळंच सांगितलं. म्हणाले, तुमच्या इकडच्या लोकांचं बोलणं गोड आहे, ग्राहक चिडत नाही. आणि पुढच्याच वाक्यात म्हणाले, पण हे गोड बोलणं कामाचं नाही, ते तुम्हाला मोडावं लागेल.

ते खरंच होतं. रायपूरचा माणूस नाही म्हणत नाही. तो 'हव' म्हणतो, म्हणजे हो. फारच झालं तर 'देखते हैं' म्हणतो. शिंप्याकडे बटण लावायला शर्ट दिला तर तो हव म्हणतो आणि शर्ट आठ दिवस खुंटीला लटकत राहतो. प्लंबर सकाळी येतो का विचारलं तर हव. उधारी दे म्हटलं तरी हव. तोंडावर कोणी दार लावत नाही. आपली मराठी माणसंही इथे राहून तशीच झाली. लग्नाचं स्थळ पसंत नसलं तरी दोन-दोन वर्षं 'पाहू ना, घाई काय हाय' चालतं. मला आधी याचा राग यायचा. आता त्याच गोष्टीसाठी पगार मिळायला लागला.

कंपनीत फोन उघडा ठेवणं म्हणजे गुन्हा. ग्राहकाला 'पाहते', 'विचारून सांगते' असं म्हटलं की तो परत फोन करतो, आणि परत आलेला फोन म्हणजे कंपनीचं नुकसान. म्हणून शेवटचं वाक्य असं हवं की माणसाला परत यायला वाटच राहू नये. याला आम्ही कॉल बंद करायची शिस्त म्हणायचो. मी ती पोरींकडून घोकून घेतली. हातात लाकडी पट्टी असायची. कोणी 'देखते हैं' म्हटलं की पट्टी टेबलावर, आणि पोरीने उभं राहायचं. "शेवटचं वाक्य पक्कं बोल!" मग ती बोलायची, "आपकी शिकायत बंद की जाती है. इस विषय में आगे कोई कार्यवाही नहीं होगी." मग मी म्हणायचे, बस. महिन्या-दोन महिन्यांत पोरींच्या तोंडून हव निघून गेलं. माझ्या तुकडीतल्या पोरींचे फोन सगळ्यात लवकर बंद व्हायचे. साहेबांनी मला बोलावून पेढ्याचा डबा दिला.

काय दिवस होते ते! सकाळी बूढ़ातलावाजवळून कंपनीची बस सुटायची. पोरी रविवारीसुद्धा ओळखपत्र घालून बाजारात हिंडायच्या. शेजारच्या खेड्यातल्या लोकांनी घरावर मजले चढवले, खोल्या भाड्याने दिल्या. जिथे हरभरा व्हायचा तिथे मोमोजची गाडी लागली. आमच्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला बायका वाण घ्यायच्या आधी मला गाठायच्या. "ताई, आमच्या पोट्टीचं पाहा ना काही." आणि मी, जणू ती इमारत माझ्याच मालकीची, म्हणायचे, "पोरीले पुण्याले कायले धाडता? पुणंच इथे येऊन राहिलं." बायका हसायच्या आणि दुसऱ्या दिवशी पोर माझ्याकडे यायची.

त्यातच ती आली.

तिच्या वडिलांना मी दादा म्हणायचे. रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात ते फिटर होते. बाबाही तिथेच होते, आणि लहानपणी आमची क्वार्टरं एका भिंतीची. त्यांच्याकडच्या बुद्धपौर्णिमेची खीर आमच्याकडे यायची आणि आमच्या दिवाळीच्या करंज्या त्यांच्याकडे जायच्या. दादा एका दुपारी कामावरच छाती धरून बसले, ते उठलेच नाहीत. मागे वहिनी आणि ही एकच पोर, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला.

रेल्वेत कामावर माणूस गेला की घरातल्या एकाला नोकरी मिळते. अनुकंपा नियुक्ती म्हणतात. वहिनी मराठी चौथी शिकलेल्या, गुडघे धरलेले. त्यांनी पोरीचं नाव दिलं. वर्षभर चकरा मारल्यावर बोलावणं आलं. पद होतं खलासीचं, म्हणजे फिटरच्या हाताखालच्या मदतनिसाचं, त्याच कारखान्यात. आणि नेमकं त्याच आठवड्यात ती पोर माझ्याकडचं शिक्षण संपवून हेडफोन लावून बसली होती. तिचा आवाज असा होता की संतापलेला माणूस दोन मिनिटांत थंड व्हायचा. माझ्या तुकडीतली ती सगळ्यात हुशार पोर. मला ती सोडायची नव्हती.

वहिनी आमच्या घरी आल्या. हातात ते बोलावण्याचं पत्र, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं. म्हणाल्या, "ताई, मले तं काही समजून नाही राहिलं. पोरगी म्हणते एसीत बसून काम हाय. पण रेल्वे ते रेल्वे. तुम्ही असं करा, एक पत्र लिहून द्या. सहा महिने थांबा म्हणा. तोवर पाहून घेऊ हे नवीन कसं हाय ते."

मुदत मागायचं पत्र. एवढंच मागितलं होतं त्यांनी.

बाबा आतून ऐकत होते. वहिनी गेल्यावर बाहेर आले. "मुदत माग, पण बाकी काही लिहू नको. अवं, रेल्वेची नोकरी कोणी सोडते काय?"

मी चिडले. "बाबा, ती पोट्टी कॉम्प्युटर शिकली ते काय वॅगनखाली बसून पाना फिरवायले? तुम्ही जन्मभर ग्रीसात हात घातले, म्हणून साऱ्यांनी घालायचे काय?"

बाबांनी आत जाऊन रेडिओ लावला. मी असं कसं बोलले, हे आठवलं की आजही कान गरम होतात.

पोरीला मी विचारलं होतं, नाही असं नाही. "तुले काय करायचं हाय? रेल्वे की हे?" ती म्हणाली, "जैसा आप बोलो, दीदी." मी म्हटलं, इथेच राहा, दोन वर्षांत तू माझ्या जागेवर बसशील. ती म्हणाली, "हव, दीदी." आईने रेल्वेत जा म्हटलं तेव्हाही ती हवच म्हणाली होती, हे मला ठाऊक होतं. तिच्या मनात काय होतं ते तिने कोणालाच सांगितलं नाही, आणि मी माझ्या सोयीचं ते ऐकलं.

मग मी कंपनीच्या कॉम्प्युटरवर पत्र टाइप केलं. सुरुवात मुदतीचीच केली होती, देवाशपथ. 'सेवा में' लिहिलं, 'सविनय निवेदन है' लिहिलं. आणि मग हात थांबला. सहा महिन्यांनी परत हाच घोळ. ही पोर एक पाय इथे आणि एक पाय तिथे ठेवून काम करणार. तिचं मन लागायचं नाही. अर्धवट गोष्टींचा मला तोवर इतका तिटकारा आला होता की मुदत हा शब्दच मला घाण वाटला. मी तो खोडला. लिहिलं की अर्जदार मुलीला दुसरीकडे उज्ज्वल भविष्याची संधी मिळाली आहे, सबब ही नियुक्ती ती स्वेच्छेने नाकारते. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी शेवटचं वाक्यही लिहिलं, पक्कं: "भविष्य में भी मैं अथवा मेरे परिवार का कोई सदस्य इस नियुक्ति हेतु किसी प्रकार का दावा प्रस्तुत नहीं करेगा."

हे वाक्य माझ्याकडे कोणी मागितलं नव्हतं. रेल्वेने नाही, वहिनींनी नाही, पोरीने तर नाहीच.

पोरीने पत्र वाचलं. दोनदा वाचलं. "दीदी, ये आखरी वाला..." असं काहीतरी म्हणाली.

मी म्हटलं, "शेवटचं वाक्य पक्कं पाहिजे, शिकवलं ना तुले?"

"हव, दीदी." तिने सही केली.

वहिनींची संमतीची सही घ्यायला मी स्वतः त्यांच्या घरी गेले. जिथे बोट ठेवलं तिथे त्यांनी जाड मराठी अक्षरांत नाव लिहिलं. "बरोबर लिहिलं ना, ताई?" मी म्हटलं, "एकदम बरोबर." त्यांनी मला चिवडा दिला. मी खाल्ला.

पहिली वर्षं चांगली गेली. मी हे मुद्दाम सांगते, नाहीतर वाटेल की मी पहिल्यापासून वाईटच केलं. पोर टीम लीडर झाली. वहिनींच्या घरी फ्रीज आला. पोरीने स्कूटी घेतली. वहिनी कॉलनीत सांगायच्या, ताईनं लाइनीले लावलं. मी तेव्हा ते पत्र विसरूनही गेले होते. बाबा मात्र विसरले नव्हते. पोर घरी आली की तिच्याकडे पाहायचे आणि मला विचारायचे, "मुदत किती मागितली होती गं?" मी म्हणायचे, आता काय त्याचं. बाबा गेले, पण मी त्यांना खरं कधीच सांगितलं नाही.

उतरती कळा लागते तेव्हा ती मोठा आवाज करत येत नाही. आधी खालच्या दालनातल्या कुंड्या गेल्या. त्या भाड्याच्या होत्या म्हणे. मग दोन बसची एक झाली. पोरी उभ्याने यायला लागल्या. वरचा मजला दुरुस्तीसाठी म्हणून बंद केला, आणि दुरुस्ती करायला कोणी आलं नाही. साहेब बदलले, मग नवे साहेब यायचेच थांबले. कोणी म्हणे सरकारची सवलत संपली, कोणी म्हणे काम दुसऱ्या राज्यात गेलं, तिथे नवी सवलत आहे. मग फोन यायचे कमी झाले. ग्राहकाने नंबर लावला की आधी यंत्रातली बाई बोलायची. मी एकदा घरून लावून पाहिला. गोड आवाजात ती मला म्हणाली, आपकी शिकायत बंद की जाती है. वाक्य माझं होतं, श्वास घ्यायची जागासुद्धा माझीच. मी रिसीव्हर ठेवावा तसा मोबाइल ठेवला.

शेवटच्या दिवशी काचेच्या दारावर कागद चिकटवलेला. कुलूप आतून. बसमधून उतरलेल्या पोरी वाचत होत्या. कार्यालय बंद झालं आहे, या विषयावर पुढे कोणताही पत्रव्यवहार केला जाणार नाही. ती पोर माझ्या बाजूला उभी होती. ती कागद वाचून हळूच म्हणाली, "पक्का लिखे हैं, दीदी." ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच तसं वाटलं.

आता त्या इमारतीच्या बस थांब्यात दुपारी गाई बसतात. मोमोजची गाडी उलटी करून ठेवली आहे. खेड्यातल्या त्या वाढवलेल्या मजल्यांना प्लास्टर झालंच नाही, सळ्या तशाच वर निघालेल्या. पोरी जमेल तिथे गेल्या. कोणी लग्न करून, कोणी मॉलमध्ये, कोणी खरोखर पुण्याला. मंडळाच्या हळदीकुंकवाला मी दोन वर्षं गेले नाही. तिसऱ्या वर्षी गेले तर बायका नीट बोलल्या, वाण दिलं, आणि पोरींचा विषय कोणी काढला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी बूढ़ापाऱ्यात फॉर्म भरायचं छोटं दुकान टाकलं. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अर्ज, तक्रारी. ती पोर बीरगांवला गेली. एका कारखान्याच्या गेटवर ठेकेदाराकडे हजेरी लिहिते. उन्हाळ्यात टिनाच्या खोलीत, तोंडाला ओढणी बांधून, कारण काळी धूळ दारातूनच आत येते. तो गोड आवाज आता बसला आहे. सारखी खाकरते.

गेल्या महिन्यात ती दुकानात आली. ठेकेदार बदलणार होता आणि नवा आपली माणसं आणणार होता. कोणीतरी तिला सांगितलं होतं की अनुकंपाची जुनी प्रकरणं साहेब लोक कधीकधी परत पाहतात. "दीदी, साथ चलोगे क्या?" तिने पत्राचं नावही काढलं नाही. मी दुकानाचं शटर ओढलं आणि तिच्या मागे स्कूटीवर बसले.

रस्ताभर मी एकच मागत होते, फाइल सापडू नये. इतकी वर्षं झाली, एखाद्या कपाटामागे पडली असेल, वाळवीने खाल्ली असेल. फाइल नसेल तर सगळं नव्याने लिहिता येईल. पण रेल्वेच्या कार्यालयातले बड़े बाबू, म्हणजे मुख्य कारकून, भले निघाले. चष्मा कपाळावर चढवून स्वतः आत गेले आणि अर्ध्या तासात फाइल घेऊन आले. वरून धूळ झटकली. आम्हाला पाणी मागवलं.

"पिताजी की सर्विस ठीक है. बेटी पात्र है," ते पान उलटत म्हणाले. "ऐसे केस में साहब लोग देख लेते हैं. समय मांगा होगा न तुमने?" मग ते पत्रापाशी आले. वाचता वाचता त्यांचा चेहरा बदलला. शेवटची ओळ त्यांनी मोठ्याने वाचली. मेरे परिवार का कोई सदस्य. किसी प्रकार का दावा.

"ये लाइन लिखने को किसने बोला था? हमारे यहां से तो कोई नहीं मांगता. समय मांग लेते, बीमारी लिख देते, कुछ भी लिख देते, केस खुला रहता. ये किसने लिखा?"

पोर म्हणाली, "मैंने, सर."

"तुमने?" त्यांनी पत्राकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "देखो बेटा, अगर किसी ने बहकाके लिखवाया हो, तो वो आदमी आके लिख के दे दे कि हां, मैंने लिखा था, इनको मालूम नहीं था. मैं साहब के सामने रख दूंगा. होगा कि नहीं, वो मैं नहीं बोल सकता. पर रख दूंगा."

पोरीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी तिच्या बाजूच्याच खुर्चीत होते, पर्स मांडीवर धरून. बड़े बाबूंनी मला विचारलं, "आप कौन?"

मी म्हटलं, "पहचान की हूं."

माझ्याच तोंडून हे निघालं. वर्षानुवर्षं पोरींना पक्कं बोलायला शिकवलं, आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा मी एवढंच बोलले. बड़े बाबूंनी मान हलवली, फाइलीची नाडी बांधली. म्हणाले, साध्या कागदावर एक अर्ज देऊन ठेवा, फाइलीला लावून टाकतो.

बाहेर पिंपळाखाली तिने स्कूटी काढली. मी म्हटलं, "मी बोलायला पाहिजे होतं." ती हेल्मेटचा पट्टा लावत होती. इतक्या वर्षांत माझ्याशी मराठीत न बोललेली पोर मराठीत म्हणाली, "आईले सांगू नका, आत्या. तिले वाटते आपण मुदत मागितली हाय. ती अजून वाट पाहून राहिली." आणि मग स्कूटी चालू केली.

घरी वहिनी दारातच उभ्या होत्या. आता त्या दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहतात. भिंतीवर तथागताचा फोटो आणि त्याच्या शेजारी दादांचा, कारखान्याच्या गणवेशातला. "काय म्हणाले साहेब?"

पोर चपला काढत म्हणाली, "देखते हैं बोले हैं, मम्मी. एक अर्ज़ी मांगे हैं."

या दोन शब्दांसाठी मी तिला एकदा अख्ख्या वर्गासमोर उभं केलं होतं.

वहिनींचा चेहरा असा उजळला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. "मी म्हणत नव्हती? फाइल दाबून बसले होते, दुसरं काही नाही. आता ताई हाय ना सोबत." त्यांनी पोरीच्या जुन्या वहीतलं कोरं पान फाडलं, पेन शोधलं, आणि पाटावर ठेवून दोन्ही माझ्यासमोर सरकवले. "तुम्हीच लिहा, ताई. तुमचं लिहिणं पक्कं असते. आणि तू, गं, यावेळी मले मोठ्यानं वाचून दाखव. मागच्या वेळी मी तशीच सही करून दिली होती."

मी पेनाचं टोपण काढलं. 'सेवा में' लिहिलं. मला काय लिहायचं होतं ते मला ठाऊक होतं. ते पत्र मी लिहिलं, या पोरीला आणि तिच्या आईला त्यातलं शेवटचं वाक्य नको होतं, ही दोन ओळींची गोष्ट. बड़े बाबूंनी तेच मागितलं होतं. पण ते लिहिलं की ती पोर ते मोठ्याने वाचणार, आणि वहिनी समोर बसून ऐकणार. गुडघे चोळत, माझ्याकडे पाहत. मी पेन धरून किती वेळ बसले कोण जाणे. वहिनी म्हणाल्या, "घाई नका करू, चांगलं विचार करून लिहा."

मी विचार करून लिहिलं. सविनय निवेदन है कि घर की परिस्थितियों के कारण उस समय उपस्थित न हो सकी. कृपया समय दिया जाए और मामले पर पुनः विचार किया जाए. शेवटी लिहिलं, आपकी कृपा की प्रतीक्षा में. त्या वर्षी वहिनींनी मागितलेलं पत्र मी आता लिहिलं, जेव्हा त्याचा कोणालाच उपयोग नव्हता.

पोरीने कागद उचलला आणि त्या बसलेल्या आवाजात, मधे खाकरत, शेवटपर्यंत वाचला. त्यात काय नाही ते तिला कळलं. तिने सही केली. आईपुढे कागद धरला, बोट ठेवलं, आणि वहिनींनी जाड अक्षरांत नाव लिहिलं.

"मागच्या पत्रासारखंच छान झालं ना, ताई?" त्यांनी विचारलं.

"हव, वहिनी," मी म्हटलं.